ही सहल की वरात?

दिवाळीची सुटी संपली, की आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळाशाळांच्या फळ्यांवर एक सूचना झळकू लागते. 'शैक्षणिक सहल' असा तिचा मथळा असतो आणि खाली स्थळांची यादी असते. पाणचक्की, बीबीचा मकबरा, देवगिरी-दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, वेरूळची लेणी, घृष्णेश्वराचे दर्शन; आणि वेळ उरल्यास, म्हणजे कधीच नाही, पैठण. निघणे पहाटे चारला, परतणे रात्री. यादीत सहा-सात नावे असतात आणि दिवस एक असतो. पालक यादी वाचतात, वर्गणीला नावांच्या संख्येने भागतात आणि स्थळ स्वस्त पडले म्हणून समाधान पावतात. मुख्याध्यापकांना अहवालात लिहावयास सहा-सात ओळी मिळतात, म्हणून ते समाधान पावतात. मुलांना एक दिवस शाळा नसते, म्हणून तीही खूष असतात. इतक्या सर्वांचे समाधान करणाऱ्या गोष्टीविरुद्ध लेखणी उचलणे शहाणपणाचे नव्हे, हे मला कळते. परंतु कुणीतरी हे एकदा बोलावयास हवे.

माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला एक खेड्यातला मास्तर आहे. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण त्याने कुणी इतिहासाचा जाणकार होत नाही. मात्र वीस वर्षे मी अशा सहलींबरोबर हिंडलो आहे. मकबऱ्याच्या दारात, लेण्यांच्या आवारात, एस. टी.च्या पायरीशी उभा राहून मी मुले मोजली आहेत. सहलीतल्या मास्तराचे मुख्य काम तेच असते. ज्याने मुले मोजली आहेत, त्याला तासही मोजता येतात. म्हणून आधी तासांचाच हिशेब मांडतो.

बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथून वेरूळ आणखी तीस. जाऊन येऊन तीनशेच्या वर किलोमीटर झाले. गाव पाटोद्याच्या किंवा धारूरच्या अंगाला असले, तर त्याहूनही अधिक. रस्ता, चहा, डिझेल, आणि मधेच ज्याला मळमळते त्याच्यासाठी दोन वेळा थांबणे, हे सारे धरले म्हणजे नऊ-दहा तास गाडीतच जातात. जेवणखाणाचे दोन तास वजा करा. पहाटे चार ते रात्री दहा ह्या अठरा तासांतून उरले सहा-सात तास, आणि स्थळे सहा-सात. म्हणजे स्थळामागे एक तास. त्या तासात गाडीतून उतरणे आहे, ओळ करणे आहे, तिकिटे आहेत, चपला सोडणे आणि शोधणे आहे, पाणी पिणे आहे आणि शेवटी पुन्हा मोजणे आहे. प्रत्यक्ष पाहण्यासाठी वीस मिनिटे उरली, तर ती सहल भाग्यवान म्हणावयाची.

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात, वेरूळच्या कारागिरांनी एका डोंगराला वरून हात घातला आणि खाली खोदत खोदत अखंड खडकातून कैलास लेणे मोकळे केले. आधी कळस आणि मग पाया, अशी ही उलटी बांधणी. ती समजायची तर लेण्याच्या वरच्या कड्यावर जाऊन खाली पाहावे लागते, मग खाली येऊन वर पाहावे लागते, आणि मधे थोडा वेळ गप्प बसावे लागते. आमच्या मुलांना ह्यांपैकी कशालाच वेळ नसतो. वेरूळला चौतीस लेणी आहेत. त्यांतले हे एक पाहून आमची सहल 'वेरूळ पाहिले' असे अहवालात लिहिते. आणि मंगळवारी लेणी बंद असतात, हे ठाऊक नसलेली एखादी सहल फाटकाच्या बाहेरूनच हात जोडून परतते. तिच्या अहवालात काय निराळे असते म्हणाल, तर काही नाही. तिथेही 'वेरूळ पाहिले' असेच लिहिलेले असते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नव्हे. गोव्याला जाणाऱ्या सहलींची कथा हीच. जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला बॉम जेझूची बॅसिलिका आहे आणि दुसऱ्या बाजूला से कॅथीड्रल. एकातून बाहेर पडावे, रस्ता ओलांडावा आणि दुसऱ्यात शिरावे. दोन्ही चर्चे मिळून अर्धा तास. तिथून मुले घरी काय आणतात? काजू आणि टोप्या. युरोपातही मोठमोठ्या आरामगाड्या भरून माणसे किल्ल्यांवरून देवळांवर आणि देवळांवरून किल्ल्यांवर अशीच नेली जातात. दहा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या सहली तर आपल्याकडल्या कंपन्याही विकतात. तेव्हा रोग जुना आणि सार्वत्रिक आहे. पण श्रीमंत माणूस ह्या रोगाने आजारी पडला, तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा निवांत जाता येते. आमच्या पोराला पुढचे वर्ष नसते. त्याच्या वाट्याला उभ्या आयुष्यात एकच वेरूळ येते, आणि तेही वीस मिनिटांचे.

आता त्या वीस मिनिटांत काय घडते, ते पाहू. तिथे गाईड नावाचा इसम उभा असतो. त्यांच्यातही जाणते लोक आहेत, पुष्कळ आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते शाळेच्या सहलीच्या वाट्याला येणाऱ्या स्वस्तातल्या गाईडशी. त्याला ठाऊक असते, की ह्या मंडळींपाशी वेळ नाही आणि त्याहून कमी पैसा आहे. म्हणून तो शिट्टी वाजवतो, मुलांना अर्धवर्तुळात उभे करतो आणि भुयाराची गोष्ट सांगतो.

वाचकहो, ह्या महाराष्ट्रात असा एक तरी किल्ला आहे काय, की ज्यातून भुयार निघत नाही? दौलताबादच्या किल्ल्यात चढणीवर खरोखरीच एक अंधारी आहे. शत्रूला गाठून मारण्यासाठी ती केलेली; तिच्यातली वटवाघळे आणि काळोख मुलांना पुरेसा आहे. पण गाईडचे तेवढ्याने भागत नाही. त्याचे भुयार शंभर-दीडशे कोस जाते. कधी ते अहिल्यानगरला निघते, कधी विजापूरला, आणि श्रोते उत्साही असतील तर दिल्लीलाही. त्यातून राजा घोड्यावर बसून पळून जातो. घोडा अंधारात कसा धावला, भुयारात वारा कुठून आला, शंभर कोसांची माती कुठे टाकली, हे कुणी विचारीत नाही. कारण विचारावयास वेळ नसतो, शिट्टी झालेली असते. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. खोटे रचणे हा माझा धंदा आहे, आणि त्या धंद्याचा जाणकार म्हणून सांगतो, की ही रचनाही वाईट आहे. चांगल्या खोट्यात निदान माती कुठे गेली, ह्याचा बंदोबस्त केलेला असतो.

भुयाराइतकेच आणखी एक कथानक ठरलेले असते. हे 'त्यांनी' पाडले आणि ते 'आपण' बांधले. 'आपण' म्हणजे कोण आणि 'ते' म्हणजे कोण, हे गाडीतली माणसे पाहून ठरते. मुले ती वाटणी मात्र चोख लक्षात ठेवतात. सनावळी विसरतात, राजाचे नाव विसरतात, खांबांची कोरणी विसरतात; वाटणी तेवढी विसरत नाहीत. वीस मिनिटांत शिकवता येण्याजोगी ती एकच गोष्ट आहे.

मला सर्वांत अधिक चीड येते ती पाणचक्कीपाशी. पाणचक्कीला दोष नाही. ती सुंदरच आहे. दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी आणून त्यावर जाते फिरवायचे, ही युक्ती पाहून मुले तोंडात बोट घालतात, आणि घालावेच. पण ही मुले बीडची आहेत. सव्वाशे किलोमीटर दूर येऊन जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचे नवल करणाऱ्या ह्या मुलांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, बीड गावापासून अवघ्या पाच-सहा किलोमीटरवर, खजाना बावडी आहे, आणि ती ह्या पाणचक्कीहून शंभरावर वर्षांनी जुनी आहे.

ही बावडी १५७२ साली झाली. अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा तेव्हा गादीवर होता आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. पैसा सलाबतखानाचा, आखणी राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराची. मोठ्या गोल विहिरीत जमिनीखालून तीन भुयारे येऊन मिळतात. दोन भुयारांनी पाणी आत येते आणि तिसऱ्याने ते बाहेर पडून बीडच्या बाजूच्या जमिनीला जाते. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. नुसता उतार आणि त्या उताराचे गणित. भर दुष्काळातही ह्या बावडीचा तळ उघडा पडत नाही, असा तिचा लौकिक आहे. आणि हा आमचा जिल्हा कोणता? जिथे टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागतात, तो. जिथे मुलांना 'पाणी' हा शब्द लिहिता येण्याआधी घागर उचलता येते, तो. त्या जिल्ह्यात साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने पाण्याचा उतार इतका अचूक धरला, की तो अजून चुकलेला नाही. आणि आमच्या सहलीची गाडी अंधारात भरधाव निघून जाते, पाणचक्कीला उशीर होऊ नये म्हणून!

ज्या मुलांना खोट्या भुयारांच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांच्या घराजवळ खरी भुयारे आहेत. त्यांतून राजा पळून गेला नाही, त्यांतून पाणी आले. आणि 'त्यांनी' की 'आपण', ह्या प्रश्नाला ही बावडी काय उत्तर देते? पैसा एका धर्माच्या माणसाचा, अक्कल दुसऱ्याची, आणि ज्यांनी प्रत्यक्ष कुदळी मारल्या त्यांची नावे कुठेच नाहीत. आमच्या वर्गातली पोरे त्या तिसऱ्या जातीच्या माणसांची आहेत. त्यांनी हे पाहावयास नको काय?

बावडी हे एकच उदाहरण झाले. धारूरचा किल्ला घ्या. आदिलशाही सरदार किश्वरखान ह्याने १५६७ साली तो उभारला. पुढे तो निजामशाहीने घेतला. १६३१ साली मोगलांच्या आझमखानाने घेतला. बालाघाटाच्या कडेवर बसलेला हा किल्ला बहुतेक बाजूंनी दरीने वेढलेला. गावाच्या अंगाला तेवढी जमीन, आणि तिथे खंदक. नकाशा न काढता, नुसते उभे राहून मुलाला कळते, की किल्ला इथेच का बांधला आणि शत्रू कुठून येणार. भूगोल आणि इतिहास ह्यांची गाठ पडलेली अशी जागा पुस्तकात सापडणार नाही. पण धारूरला सहल गेलेली मी फारशी ऐकली नाही. 'तिथे काय आहे? पडलेल्या भिंती,' असे म्हणतात. अहो, पडलेल्या भिंतीच तर पाहावयाच्या असतात! उभ्या भिंतीला बाहेरून रंग दिसतो. पडलेली भिंत आतले पोट दाखवते. चुना कसा मळला, दगड कसा बसवला, हे तिथेच कळते.

राक्षसभुवन घ्या. तिथे शनीचे दर्शन घेऊन लोक परततात. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी त्याच गोदाकाठी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. गोदावरीला पाणी होते, निजाम पलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अर्ध्या फौजेनिशी अलीकडे राहिला होता. तो त्या दिवशी मारला गेला. राघोबादादा अडचणीत सापडले असता कोवळ्या वयाच्या माधवरावांनी डाव सावरला. नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाच्या बाजूला होते, ते लढाईपूर्वी त्याला सोडून गेले. आता ह्यात 'ते' कोण आणि 'आपण' कोण, ते त्या गाईडने मला समजावून सांगावे. निजामासाठी मेलेला विठ्ठल सुंदर कुठल्या बाजूस धरणार? तिथे बुरूज नाही, तोफ नाही, फोटो काढण्याजोगे काही नाही. नदी आहे, काठ आहे, आणि श्रावण-भाद्रपदात पाणी आहे. फौज अलीकडे अडकणे म्हणजे काय, हे ज्याने ते पाणी पाहिले त्याला समजावून सांगावे लागत नाही.

अंबाजोगाई घ्या. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून परंपरा ज्याचे नाव घेते, तो 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी तिथे दाखवतात. दासोपंतांची पासोडी तिथलीच. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ह्या माणसाने 'पंचीकरण' लिहून काढले. पाटीवर दहा ओळी लिहून हात दुखला म्हणणाऱ्या मुलाला चाळीस फूट कापडाची गोष्ट सांगून पाहा. गावाला लागून हत्तीखान्याची लेणी आहेत, अंगणात दगडी हत्ती उभे आहेत. यादवांचा सेनापती खोलेश्वर ह्याच्या नावाचे देऊळ आहे, बाराखांबी आहे, शिलालेख आहेत. एक गाव आणि एक दिवस. तरी पुरे पडणार नाही.

'हे सर्व खरे, पण जवळचे काय पाहायचे? ते तर रोजचेच!' असा एक आक्षेप येतो. मी विचारतो, रोज कोण पाहतो? बीडच्या कंकालेश्वरावरून दिवसाकाठी शेकडो माणसे जातात. पाण्याच्या कुंडात उभे असलेले ते देऊळ, आणि त्याच्या भिंतींवरच्या हातात शस्त्रे घेतलेल्या स्त्रिया, ह्यांच्यापुढे अर्धा तास उभा राहिलेला मनुष्य मला दाखवा. आपण जवळचे पाहत नाही, फक्त ओलांडतो. आणि मुलाला जेव्हा सहलीसाठी पहाटे उठवून दूर नेतो, तेव्हा शब्दही न बोलता त्याला एक धडा देतो: पाहण्याजोगे जे आहे ते दुसरीकडे आहे, इतिहास दुसऱ्यांच्या गावात घडला, आपले गाव म्हणजे जिथून गाडी सुटते ते ठिकाण. मागासलेल्या जिल्ह्यातल्या मुलाला ह्याहून वाईट धडा कोणता देणार? तो हा धडा विसरत नाही. मोठा झाला म्हणजे तोही गावातून सुटणारी गाडी पकडतो.

आणि ह्या गाडीवरूनच मी मुख्य मुद्द्याला येतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल, त्या सुमारास आमच्या जिल्ह्यात दोन प्रकारच्या गाड्या भरत असतील. एक, सहलीची एस. टी. दुसरी, ऊसतोडीच्या टोळ्यांची. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना साखरधंद्याच्या भाषेत 'कोयता' म्हणतात, ती ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. चूल, घागर, कोंबड्या, आणि त्यांच्यामध्ये आमच्या वर्गातली पोरे. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. काही मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, पुष्कळ जातात. माझ्या एका वर्गाच्या पटावर जूनमध्ये ४२ नावे होती. डिसेंबरात सहलीच्या दिवशी मी दारात उभा राहून मोजली, ती २३ भरली. उरलेल्यांतले काही वर्गणीअभावी घरी होते आणि बाकीचे उसाच्या फडात.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सहली काढण्याचा आपला हंगाम आणि ऊस तोडण्याचा हंगाम एकच आहे. थंडी चांगली, पाऊस नाही, परीक्षा दूर, म्हणून डिसेंबर-जानेवारी सोयीचा. कुणाच्या सोयीचा? ज्या मुलाला शाळेने जग दाखवावयास हवे, ते मूल नेमके नसते तेव्हाच आपण जग दाखवावयास निघतो. आणि ज्याचा बाप वर्गणी देऊ शकतो, त्याला दाखवून परत येतो. मग अहवालात लिहितो, 'शाळेची सहल'. शाळेची नव्हे, अर्ध्या शाळेची, असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा तरी दाखवावा.

एका सातवीतल्या मुलाला मी मार्चअखेर विचारले, 'तू सहलीला नव्हतास, तुझे बुडाले ना रे?' तो म्हणाला, 'बुडालं कशाचं, गुरुजी? मी तर लई गावं पाहिली.' आणि त्याने कोल्हापूरकडच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची नावे धडाधड म्हणून दाखवली. कुठल्या कारखान्याला नदी जवळ आहे, कुठे पाणी विकत घ्यावे लागते, कुठल्या घाटात ट्रॉली कलंडते, सर्व त्याला पाठ. मग म्हणाला, 'धारूरचा घाट चढला, की वर किल्ला आहे. आमची गाडी तिथं थांबत नाय.' सहलीला जाऊन आलेल्या २३ मुलांपैकी एकालाही तो किल्ला ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होता, पण त्याचीही गाडी तिथे थांबत नव्हती. दोन्ही गाड्या सारख्याच. एकीत मुकादम शिट्टी मारतो, दुसरीत गाईड.

आता माझ्यावर रागावलेल्या माणसाचा खरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे, म्हणून त्याला बगल देणार नाही. तो म्हणतो, 'मास्तर, गरिबाच्या पोराने वेरूळ पाहूच नये काय? धावत का होईना, आयुष्यात एकदा पाहिले तर तुमचे काय बिघडले? तुम्ही त्याला त्याच्याच पडक्या किल्ल्यात कोंडू पाहता!' छे! माझे म्हणणे नेमके उलटे आहे. वेरूळ इतके मोठे आहे, की गरिबाच्या पोराला ते वीस मिनिटांत उरकून दाखवणे हाच त्याचा अपमान आहे. त्याला वेरूळ दाखवा, पण एकटे वेरूळ दाखवा. पाणचक्की नको, मकबरा नको, भद्रा मारुती नको. एक लेणे आणि एक दिवस. आणि ते दाखवण्यापूर्वी त्याला पाहण्याची सवय लावा. ती सवय घराजवळच लागते. ज्याने बावडीचा उतार नीट पाहिला आहे, तो मुलगा पाणचक्कीपाशी उभा राहून नुसता तोंडात बोट घालणार नाही. तो विचारील, पाणी कुठून आले आणि किती उताराने आले. असा प्रश्न विचारणारे एक मूल परत आले, तर मी म्हणेन सहल झाली.

दुसरे सांगतात, सहलीचा धंदा असाच सुरू झाला, गर्दी आणि घाई ही त्याच्या रक्तातच आहे. तेही खरे नाही. माणसे गोळा करून नेण्याच्या आजच्या धंद्याचा आरंभ टॉमस कुकपासून धरतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने इंग्लंडातल्या लेस्टरहून सुमारे पाचशे माणसे एका आगगाडीत घालून नेली. कुठे? लाफबरोला. अंतर जेमतेम अकरा-बारा मैल. जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग. ती दारूबंदीची मंडळी होती. दिवसभर एका ठिकाणी राहिली, सभा केली आणि घरी आली. पहिली सहल म्हणजे एक जागा, एक दिवस आणि गरिबाला परवडणारे तिकीट. आमच्या बीडहून खजाना बावडी त्याहूनही जवळ आहे.

तेव्हा माझी मागणी अवघड नाही. सहल भाद्रपदात काढा. पोळा होऊन गेलेला असतो, दसरा लांब असतो आणि टोळ्या अजून गावात असतात. त्या दिवसांत बालाघाट हिरवा असतो, टाक्यांतून पाणी असते. पावसाने चिंब झाली, तर आमची पोरे विरघळणार नाहीत. एका दिवसात एकच जागा घ्या, आणि ती जिल्ह्यातली घ्या. तिसरे, वर्गणी काढू नका, नेहमीच्या एस. टी.ने अर्ध्या तिकिटावर जा आणि भाकरी घरची न्या. ज्याला तेही परवडत नाही, त्याचे तिकीट शाळेने काढावे. आणि पटावरचे एकही मूल पैशापायी मागे राहणार असेल, तर सहलच रद्द करावी. चौथी गोष्ट, गाईड नको. मास्तराने आदल्या रविवारी स्वतः जाऊन यावे, गावातल्या जुन्या माणसांना भेटावे, जे वाचावयास मिळेल ते वाचावे. आणि जे ठाऊक नाही, ते मुलांसमोर 'ठाऊक नाही' म्हणावे. भुयारे त्याच दिवशी बंद पडतील.

ह्यावर माझे काही सहव्यवसायी म्हणतात, 'असल्या सहलीला पालक तयार होणार नाहीत. यादीत एकच नाव पाहून ते हसतील.' हसू देत. पालकांना सहा नावांची चटक आपणच लावली, आपणच सोडवावी लागेल. आणि ज्यांची मुले दिवाळीनंतर ट्रॉलीत बसणार आहेत, ते पालक हसणार नाहीत, हे मी त्यांच्या अंगणात बसून विचारून आलो आहे. एका बाईने मला इतकेच विचारले, 'पोरीला नेता का? आणि पैसं नाय ना लागत?'

येत्या भाद्रपदात मी माझा वर्ग धारूरला नेणार आहे. पट जेवढा असेल तेवढा सगळा, एकही कमी नाही. ज्यांना माझे म्हणणे पटले नाही, त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे, मुलांच्या देखत वाद घालावा, आणि येताना दोन भाकरी जास्त आणाव्यात.